फोटोतील शिपाई नक्की कोण?

वाचकांचे प्रश्न : घराण्याचा शोध

प्रश्न : आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर लष्करी पोशाखातील एका पुरुषाचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना फोटो आहे. तो आमच्या पणजोबांचा आहे असे मानून दर पितृपंधरवड्यात आम्ही त्याला हार घालतो. पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे लढताना १९१६ साली गेले, असे आजी सांगत असे. त्यांचे धाकटे भाऊही पलटणीत होते. ते परत आले आणि पुढे गावात ‘हवालदार’ याच नावाने ओळखले जात. आता भावकीतील एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, हा फोटो थोरल्यांचा नसून धाकट्या भावाचा आहे. फोटोवर नाव नाही. सोबत प्रत पाठवीत आहे. खरे काय ते कसे ठरवावे?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपण पाठवलेली प्रत मोठी करून बारकाईने पाहिली. तिच्यात नाव सांगेल असे काही नाही, आणि चेहऱ्यावरून निर्णय करू नये, हे आधीच सांगून ठेवतो. सख्खे भाऊ, एकाच धाटणीच्या मिशा, डोक्याला पलटणीचा सारखाच फेटा. अशा दोघांना शंभर वर्षांनंतर ‘नाक आमच्या काकांसारखे आहे’ एवढ्या आधारावर वेगळे करता येत नाही. घरोघरी अशा फोटोंना चुकीची नावे चिकटली आहेत ती बहुतेक याच वाटेने. फोटो साधारण कधी काढला असेल याच्या मर्यादा मात्र त्यातल्याच खुणांवरून ठरवता येतात, आणि आपल्या बाबतीत सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो : फोटो १९१६ च्या आधीचा आहे की नंतरचा?

डाव्या खिशाच्या वर तीन छोट्या आडव्या पट्ट्या एका ओळीत शिवलेल्या आहेत. भिंतीवरच्या फोटोत त्या डागासारख्या वाटाव्यात इतक्या पुसट आहेत, पण त्या पदकांच्या फिती आहेत. त्या काळातील बहुतेक काचप्लेटांवर लाल रंगाचा परिणाम होत नसे आणि निळ्याचा प्रमाणाबाहेर होत असे. त्यामुळे लाल आणि नारिंगी रंग काळपट उमटत, तर निळा आणि जांभळा फिकट. हे ध्यानात ठेवूनच फिती वाचाव्या लागतात. आपल्या फोटोतील मधल्या फितीत रुंद काळपट पट्टा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना केसासारखी पांढरी रेघ आहे. ब्रिटिश वॉर मेडलच्या फितीत मध्यभागी रुंद नारिंगी पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी, काळी व काठाला निळी अशा रेघा असतात, वर्णन जुळते. बघणाऱ्याच्या उजवीकडच्या फितीत ठळक रेघ कुठेच नाही, ती मध्यापासून दोन्ही काठांकडे हळूहळू उजळत जाते. ही व्हिक्टरी मेडलची, इंद्रधनुष्याच्या रंगांची फीत. बघणाऱ्याच्या डावीकडची फीत एका काठाला गडद असून दुसऱ्या काठाकडे फिकट होत गेली आहे. ती १९१४-१५ स्टारची असावी, कारण तिच्यात लाल, पांढरा आणि निळा हे रंग एकमेकांत मिसळत जातात. पहिल्या महायुद्धाची ही तिन्ही पदके एकत्र असली की त्यांच्या फिती याच क्रमाने लावत. एकेकटी फीत पाहून मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. तिघींचा क्रम जुळतो म्हणून बोलतो.

यांपैकी स्टारची घोषणा डिसेंबर १९१८ मध्ये झाली आणि बाकीची दोन पदके १९१९ मधली आहेत. म्हणजे हा फोटो १९१९ च्या आधीचा असू शकत नाही. येथे एक फरक लक्षात घ्यावा. युद्धात मरण पावलेल्या सैनिकाची पदकेही पुढे त्याच्या वारसांकडे पाठवली जात, त्यामुळे घरातल्या पेटीत पदके सापडली म्हणून माणूस परत आला होता असे ठरत नाही. पण स्वतःच्या छातीवर फिती लावून फोटोग्राफरसमोर उभा राहिलेला माणूस त्या दिवशी जिवंत होता, याबद्दल शंका नको.

दुसऱ्या टोकाची मर्यादा खांद्यावर मिळते. खांद्याच्या पट्टीवर पितळी अंक आणि अक्षरे आहेत. अक्षरे उजेडाच्या चमकेत हरवली आहेत, पण वरच्या ओळीत तीन अंक आहेत आणि त्यांपैकी पहिले दोन ‘१’ आहेत, हे स्पष्ट दिसते. मुंबई इलाख्यातील मराठा पलटणींचे त्या वेळचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे होते. १९२२ च्या पुनर्रचनेत हे तीन अंकी क्रमांक गेले आणि या सगळ्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या : १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची बेळगावची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन. खांद्यावर जुना तीन अंकी क्रमांक आणि छातीवर महायुद्धाच्या फिती, या दोन्ही गोष्टी एकाच अंगावर दिसतात तो काळ १९१९ ते १९२२ एवढाच आहे. जुनी पितळ काही महिने अधिक चालली असेल असे धरले तरी वर्षभराचीच भर पडते.

पलटण कोणती, हे मात्र पहिल्या दोन अंकांवरून ठरत नाही. सहांपैकी चार पलटणी ‘११’ नेच सुरू होतात. तिसरा अंक गोल आहे की तिरक्या एका रेघेचा, हे मूळ फोटोवर बाजूने उजेड टाकून भिंगातून पाहावे. गोल असेल तर ११०, नुसती तिरकी रेघ असेल तर ११७. या दोन्ही पलटणी सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि ही डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ पासून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरत गेली. १९१४-१५ स्टार १९१५ संपण्याआधी युद्धक्षेत्रात पोहोचलेल्यांनाच मिळत असल्यामुळे शोधाची सुरुवात या दोन पलटणींपासून करणे योग्य. ११४ आणि ११६ यांना मात्र आत्ताच बाद करू नये. बाहीवर तीन व्ही-फिती आहेत, ही हवालदाराची खूण. धाकट्या भावाच्या गावातील नावाशी ती जुळते.

एवढे सगळे जुळल्यावर फोटो धाकट्यांचाच, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटेल. तरी एक वाट अजून उघडी आहे, आणि ती बंद केल्याशिवाय निकाल देणे मला पटत नाही. पुणे डिव्हिजनला तुर्कांनी कूट-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढले. अन्न संपले, सुटकेसाठी आलेल्या फौजा वेढा फोडू शकल्या नाहीत, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. कैद्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले, आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. त्यांतले कित्येक वाटेत आणि कैदेत मेले, पण युद्ध संपल्यावर पुष्कळजण परतले हेही खरे. १९१६ साली घरी पोहोचलेली बातमी मृत्यूची होती की कैदेची, हे आजीच्या आठवणीवरून आज सांगता येणार नाही. थोरले भाऊ कैदेतून परत आले आणि त्यांनी १९२० च्या सुमारास फोटो काढला, ही शक्यता कागदपत्रांनी खोडून काढावी लागेल.

त्यासाठी पहिले ठिकाण कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धांतील मृत सैनिकांच्या कबरी व स्मारके सांभाळणारी संस्था, तिची नोंदसूची. ती संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांचे स्मरण बसरा स्मारकावर केलेले आहे. त्या स्मारकाच्या दगडी फलकांवर हिंदी शिपायांची नावे कोरलीच गेली नाहीत, पलटणीखाली केवळ त्यांची संख्या दिली गेली. हा अन्याय होता, आणि अशा असमान स्मरणाबद्दल कमिशनने २०२१ साली जाहीर माफी मागितली. नावे नोंदवह्यांत मात्र आहेत, आणि कित्येक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला असतो. आपल्याला नेमके हेच हवे आहे. आडनावावर विसंबून शोधू नका. कारकुनाने ऐकले तसे रोमन लिपीत लिहिले : सावंत ‘व्ही’ने आणि ‘डब्ल्यू’ने, शिंदे ‘एच’सह आणि ‘एच’शिवाय, जाधव तर निदान तीन प्रकारे. कित्येक नोंदींत आडनावच नाही. म्हणून पलटण निवडून तिच्या सगळ्या नोंदी उघडाव्यात आणि अधिक माहितीच्या रकान्यात गावाचे नाव शोधावे. गावाच्या नावाचेही हाल झालेले असतात, तेव्हा ते मोठ्याने वाचून पाहावे. कानाला पटकन ओळखू येते. पणजोबांची नोंद १९१६ च्या तारखेसह सापडली तर फोटोचा प्रश्न तिथेच सुटला.

नोंद सापडली नाही तर घरातल्या वस्तूंकडे वळावे. तांब्याच्या भांड्यांत, तिजोरीच्या तळाशी, सुनेच्या माहेरी गेलेल्या पेटीत पदके निघतात. वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर, म्हणजे नाण्याची जिथे धार असते तिथे, बारीक रोमन अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते; स्टारवर हीच माहिती मागच्या बाजूला असते. वॉर मेडल चांदीचे असते. ते ब्राँझचे निघाले तर त्याचा धनी बहुधा लढाऊ शिपाई नसून सेनेबरोबर गेलेला कामकरी होता. क्रमांकाबद्दल एक सावधगिरी : त्या काळी प्रत्येक पलटण आपले क्रमांक स्वतंत्रपणे देत असे, त्यामुळे एकच क्रमांक पाच पलटणींत पाच माणसांचा असू शकतो. पलटणीशिवाय नुसता क्रमांक कामाचा नाही. आणखी एक वस्तू आवर्जून विचारा. मृत सैनिकाच्या वारसांना सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची गोल तबकडी दिली जात असे. तिच्यावर त्रिशूळधारी स्त्री आणि सिंह असून एका चौकटीत मृताचे नाव, हुद्द्याशिवाय, उठावात असते. अशा कित्येक तबकड्या मोडीत गेल्या. आपल्या घरात वा भावकीत ती निघाली, तर तो मृत्यूचा पुरावा समजावा.

गावातला पुरावा धाकट्या भावाच्या बाजूने अधिक मिळेल. तहसील कार्यालयातील जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांना आपण कोतवालबुक म्हणतो, त्यांत त्यांच्या मृत्यूची तारीख असावी. थोरल्यांच्या नावे जमीन असल्यास वारसनोंदीचा फेरफार काढावा, कारण खातेदार कधी मयत झाला हे त्यात पुष्कळदा लिहिलेले असते, आणि तो १९१६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत झाला असेल तर अर्थ उघड आहे. हे कागद मोडी लिपीत असल्यास मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून अक्षरशः लिप्यंतर करून घ्यावे, सारांश घेऊ नये. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कुळाचे पान असेल तर तिथेही जावे. परदेशी मेलेल्या भावाचे क्रियाकर्म करायला दुसरा भाऊ गेला असल्यास त्याची सही किंवा अंगठा तिथे सापडू शकतो. सातारा आणि रत्नागिरीच्या अनेक गावांत चावडीला, शाळेला किंवा देवळाला, या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धात इतके गेले आणि त्यांतील इतके मरण पावले, अशी इंग्रजी पाटी बसवलेली आहे. तिच्यावर नावे नसतात, पण मृतांचा आकडा आणि आपल्याला नोंदसूचीत सापडलेल्या गावकऱ्यांची संख्या ताडून पाहता येते.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राला पत्र लिहायला हरकत नाही, मात्र पलटण, क्रमांक आणि गाव हाती आल्यावरच लिहावे. नुसता फोटो पाठवून तिथे कोणालाही काही सांगता येणार नाही. पंजाबातील लाखो सैनिकांच्या नोंदवह्या अलीकडे संगणकावर आल्या आहेत, त्यांचा आपल्या कामी उपयोग नाही. तो संच पंजाबपुरताच आहे.

तोवर फोटो जिथे आहे तिथेच राहू द्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने एवढेच लिहा : ‘१९१९ ते १९२२, मराठा पलटण, हवालदार, बहुधा धाकटे’. ‘बहुधा’ हा शब्द गाळू नका. पुढच्या पिढीला तो उपयोगी पडेल.

प्रश्न : आमचे खापरपणजोबा सैन्यात होते. म्हातारपणीचा त्यांचा एक फोटो आहे, त्यात फेटा, लांब कोट आणि छातीवर दोन पदके आहेत. आम्ही महार समाजाचे, गाव खेड तालुक्यात. महार रेजिमेंटकडे चौकशी केली, पण या नावाची नोंद नाही असे उत्तर आले. नोंद नष्ट झाली असेल का?
(एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : नोंद नष्ट झालेली नाही; ती त्या रेजिमेंटमध्ये असण्याचे कारणच नाही. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. त्याआधी १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली गेली होती आणि ती १९२१ मध्ये मोडण्यात आली. आपल्या खापरपणजोबांची नोकरी या दोन्हींच्या कितीतरी आधीची दिसते, म्हणजे ते मुंबई आर्मीच्या एखाद्या पायदळ पलटणीत किंवा मरीन बटालियनमध्ये असणार. कोकणातील महार सैनिकांची संख्या त्या पलटणींत मोठी होती. १८९२ च्या सुमारास सरकारने त्यांची भरती बंद केली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची एक वाट एका हुकुमाने बुजली. पलटणीतून १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीहून या बंदीविरुद्ध विनंतिपत्र तयार केले, ते १८९४ चे. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर सुभेदार-जमादारांची वस्तीच होती, तेव्हा आपल्या घराण्याचा दापोलीशी काही संबंध होता का, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

फोटोतील पदकांपैकी एक मोठ्या भिंगाने पाहिले की त्यावर तोफ वाहणारा हत्ती आणि कूच करणारे सैन्य दिसते. हे १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धाचे पदक. दुसऱ्याच्या आकाराकडे पाहता ते १८६७-६८ च्या ॲबिसीनिया मोहिमेचे वाटते : आकाराने लहान, मध्ये राणी व्हिक्टोरियाचा चेहरा आणि भोवती नऊ टोकांची चांदणी. ही मोहीम मुंबईहूनच निघाली होती. मूळ पदके घराण्यात कोणाकडे असतील तर अफगाण पदकाची कड आणि ॲबिसीनिया पदकाची मागची बाजू पाहावी. नाव व पलटण तिथे असते. त्यावर जो क्रमांक सापडेल तो १९०३ पूर्वीचा असेल. तेव्हाचे सरसेनापती लॉर्ड किचनेर यांच्या फेररचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, म्हणून जुनी तिसरी ती पुढची १०३, आणि एकविसावी म्हणजे मरीन बटालियन ती पुढची १२१. हा हिशेब मुंबईच्या पायदळापुरताच लागू करावा.

नाव शोधताना आजचे आडनाव बाजूला ठेवा. त्या काळच्या याद्यांत महार शिपायांची नावे ‘नाक’ या शेवटाने येतात, आणि रोमन लिपीत तो शेवट कधी ‘सी’ने, कधी ‘के’ने लिहिलेला असतो, भीमा-कोरेगावच्या स्तंभावरची नावे याच पद्धतीची आहेत. खापरपणजोबा सुभेदार किंवा जमादार पदापर्यंत पोहोचले असतील, तर काम पुष्कळ सोपे होते, कारण हिंदी अधिकाऱ्यांची नावे त्या त्या वर्षीच्या छापील आर्मी लिस्टमध्ये पलटणवार देत असत. साध्या शिपायांची नावे त्यात नसतात.

प्रश्न : आजोबांचा लष्करी पोशाखातला फोटो फिकट झाला आहे. मोबाईलवरील ॲपने तो स्वच्छ आणि रंगीत करून घेतला, पदकेही चिंच लावून घासणार आहोत. आणखी काय काळजी घ्यावी?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : पदके घासू नका, ही कळकळीची विनंती. चिंच असो वा पॉलिश, घासण्याने कडेवरची अक्षरे झिजतात, आणि आपल्या आजोबांचे नाव दुसऱ्या कुठल्याही कागदावर उरलेले नसण्याची शक्यता आहे. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपावी, कडेचे तिरप्या उजेडात फोटो घ्यावेत आणि पदक कागदात गुंडाळून ठेवावे.

ॲपने केलेली प्रत घरात लावायला हरकत नाही, पण ओळख पटवण्यासाठी ती कोणालाही पाठवू नका. असे ॲप पुसट जागा स्वतःच्या अंदाजाने भरते. फितींवरच्या रेघा, खांद्यावरचे अंक आणि टोपीवरचा बिल्ला त्यात बदलून जातात, आणि रंग तर सर्वस्वी कल्पनेतलेच असतात. मूळ फोटो पुठ्ठ्यावरून सोलू नये, लॅमिनेट करू नये. स्कॅनरवर निदान सहाशे डीपीआयला, रंगीत पर्यायावर, पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला उठावात छापलेले स्टुडिओचे नाव आणि गाव असते, ते चौकटीत झाकले गेले असेल तर चौकट उघडून पाहावे. नाव लिहायचे झाल्यास मागे, काठाजवळ, पेन्सिलीने लिहावे. बॉलपेनचा दाब चेहऱ्यापर्यंत उमटतो.